हातातल्या अक्षता

आषाढातली गोष्ट. ठाण्याहून सुटणारी सकाळची पनवेल गाडी, बायकांचा डबा, पावसामुळे खिडक्या अर्ध्याच उघड्या. छत्र्यांतून निथळलेलं पाणी डब्यात साचलं होतं. गाडी वळली की ते या टोकाकडून त्या टोकाकडे वाहत जाई आणि आम्ही सगळ्याजणी एकदम पाय उचलत होतो. माझ्या शेजारी बारावी-तेरावीतली एक मुलगी मांडीवर सॅक, सॅकवर मोबाइल आणि कानात इअरफोन घालून बसली होती. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावू नये, हे मला कळतं. पण खाडी ओलांडताना सहज नजर गेली आणि मी तिथेच अडकले. पडद्यावर एक जाड्यासा, कुरळ्या केसांचा मुलगा रिकाम्या जहाजातून एकटा चालत होता. बाकीची सगळी माणसं काचेच्या कपाटांत झोपलेली. जहाजातले दिवे एकेक करून विझत होते. दिघा गाव गेलं, ऐरोली गेली. तो मोठ्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला, बाहेरच्या अंधाराकडे बघून हलकंसं हसला आणि पडदा काळा झाला.

मुलगी तशीच बसून राहिली. मग तिने अंगठ्याने पडदा वर सरकवला, खाली सरकवला, पुन्हा वर. माझं लक्ष आहे हे तिला कळलं असावं. एक इअरफोन काढून तिने विचारलं, "ताई, तुम्ही बघितलीय ही? याचा पुढचा सीझन कुठे मिळेल?"

घणसोली आली होती, मी उठलेच होते. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला फार ओळखीचं होतं. मी म्हटलं, "शोध ना, मिळेल कुठेतरी," आणि उतरले.

मिळणार नाही, हे मला चौदा वर्षांपासून माहीत होतं.

दिवसभर ऑफिसात ते खोटं जिभेवर राहिलं. खोटं तसं बारीकच, आपण दिवसाला दहा बोलतो. पण हे मला झोंबलं, कारण तिच्या जागी मी बसले होते. ती मालिका म्हणजे 'स्टारगेट युनिव्हर्स'. मूळ 'स्टारगेट' सिनेमा १९९४ चा. त्यावर आधी एक मालिका दहा सीझन चालली, दुसरी पाच, आणि मग २००९ मध्ये ही तिसरी आली. दोन सीझन, चाळीस भाग, मे २०११ मध्ये बंद. लाखो वर्षांपूर्वी कोणीतरी सोडून दिलेलं जहाज, त्यावर चुकून पोचलेली माणसं, परतीची वाट नाही. जहाज ताऱ्यांच्या पोटात बुडी मारून इंधन भरून घेतं आणि विश्वाच्या आरंभापासून येणाऱ्या एका खुणेचा माग काढत पुढे जात राहतं. ती खूण कशाची, हे आपल्याला कधीच सांगितलं जात नाही. शेवटच्या भागात दोन दीर्घिकांमधली तीन वर्षांची पोकळी पार करायची असते, म्हणून सगळे शीतनिद्रेत जातात. एक कपाट नादुरुस्त निघतं. एलाय नावाचा तो मुलगा म्हणतो, मी थांबतो, दुरुस्त करतो. त्याच्याकडे दोन आठवडे असतात. जमलं तर जमलं.

ते दोन आठवडे अजून संपलेले नाहीत.

मी ती पाहिली २०११ च्या मे-जूनमध्ये. आम्ही तेव्हा ठाण्यातल्या नौपाड्यात राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मैत्रिणीने हार्ड डिस्क दिली होती. पंख्याखाली जमिनीवर पालथं पडून, लॅपटॉपचा चटका हाताला बसत असताना मी रात्री चार-चार भाग संपवत होते. आई रात्रपाळीला असायची. आई सिस्टर होती, म्हणजे हॉस्पिटलात परिचारिका. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली. सकाळी साडेआठला घरी यायची तेव्हा तिच्या साडीला स्पिरिटचा आणि फिनेलचा वास असायचा. मी शाळेत जायला निघालेली असायचे आणि दारातच आमची अदलाबदल व्हायची. त्या वासाला मी लहानपणी 'आईचा वास' म्हणायचे.

मालिकेच्या सुरुवातीलाच कळतं की एलायची आईसुद्धा परिचारिका होती. एका पेशंटची सुई लागून तिला एचआयव्ही झाला आणि त्याचे वडील घर सोडून गेले. ते वाक्य आलं तेव्हा मी भाग थांबवला आणि उठून पाणी प्यायले.

२००८ मध्ये माझ्या आईला सुई टोचली होती. रात्री दोन वाजता, झटापट करणाऱ्या पेशंटला इंजेक्शन देताना. तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते गोळ्यांमुळे. अठ्ठावीस दिवसांचा तो कोर्स होता, गोळ्या तिने देवघराच्या खालच्या फडताळात कापराच्या डबीमागे ठेवल्या होत्या. तिला सारखं मळमळायचं. चहाच्या वासानेही उठून जायची आणि आम्हाला 'पित्त झालंय' म्हणायची. मी स्ट्रिपवरचं नाव वाचलं, सायबर कॅफेत जाऊन शोधलं आणि घरी येऊन काही बोलले नाही. दीड महिन्याने तपासणी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. त्या सहा महिन्यांत आमच्या घरात दोन बायका एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या. शेवटचा रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी तिने श्रीखंड आणलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही त्यावर पहिल्यांदा बोललो ते तिच्या निवृत्तीनंतर.

म्हणून माझा जीव त्या मालिकेतल्या जहाजापेक्षा त्या आईत जास्त अडकला होता. मुलगा अब्जावधी प्रकाशवर्षं दूर, आणि ती आपली घरी. जहाजावर काही दगड असतात, त्यांच्या साह्याने पृथ्वीवरच्या दुसऱ्या माणसाच्या शरीरात थोडा वेळ येता येतं. एलाय तसा येऊन आईला भेटतो. चेहरा परका, आवाज परका, आणि आत मुलगा. विज्ञानकथा याच्याहून वेगळं काय करते? आपल्याला जे साधं बोलता येत नाही त्याला ती एक यंत्र जोडून देते. मग एक दिवस हिशेब करणारी माणसं म्हणाली, बघणारे कमी झालेत, बंद करा. एलाय खिडकीशी उभा राहिला. पण त्याच्या आईचं काय? तिला आता कोणी येऊन भेटणार नाही. त्या दोन आठवड्यांत काय झालं, तेही तिला कळणार नाही. चाळीस भागांनंतर तिच्या वाट्याला एक वाक्यसुद्धा आलं नाही. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमच्याकडे गोष्ट अशी सोडत नाहीत. श्रावणात आई कहाणी वाचायला बसली की आधी आमच्या हातात अक्षता द्यायची. मूठ मिटून बसायचं. आटपाट नगरापासून सुरुवात. मध्ये उठायचं नाही, मध्ये कोणी हाक मारली तर 'ओ' द्यायची नाही. तळहाताला घाम येऊन कुंकू पाझरायचं, तांदूळ चिकटायचे, रेषा लाल व्हायच्या. मग 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' झालं की मूठ उघडायची. एकदा ऐन मध्यात शेजारच्या काकू काहीतरी मागायला आल्या आणि आई त्यांच्याशी बोलण्यात गुंतली. मी तासभर मूठ मिटून बसले होते, जेवायलाही तयार होईना. मला वाटायचं, मूठ आधी उघडली तर कहाणीतली माणसं तशीच राहतील, राजा रानात आणि नावडती राणी वाड्याबाहेर.

मोठेपणी मी विज्ञानकथांच्या वाटेला लागले आणि ही मिटलेली मूठ जन्माला चिकटली. 'फायरफ्लाय' या अमेरिकन अवकाशमालिकेचे चौदा भाग बनले, २००२ मध्ये शुक्रवारी रात्री दाखवायला सुरुवात झाली, आणि अकरा दाखवून मालिका बंद. तेही उलटसुलट क्रमाने. जो दोन तासांचा पहिला भाग सगळ्या माणसांची ओळख करून देतो तो दाखवला सगळ्यांत शेवटी, डिसेंबरात. म्हणजे पाहुणा निघाल्यावर 'या, बसा' म्हटल्यासारखं. चाहत्यांच्या रेट्याने २००५ मध्ये एक सिनेमा निघाला, थोडंफार मिटवलं गेलं. 'टर्मिनेटर'ने तर २००९, २०१५ आणि २०१९ अशी तीनदा नव्या त्रयीची सुरुवात केली. तिन्ही वेळा पहिला सिनेमा आला आणि दुसरा आलाच नाही. जुनं 'स्टार ट्रेक' दर भागाच्या सुरुवातीला पाच वर्षांची मोहीम म्हणून सांगायचं. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरा सीझन मिळाला आणि १९६९ मध्ये, एकोणऐंशी भागांवर, मोहीम मध्येच थांबली. आजवर तिचे किती अवतार झाले, पण त्या पहिल्या जहाजावरच्या माणसांना घरी परतताना त्या मालिकेने दाखवलं नाही ते नाहीच.

इथे एक फरक मी करते. फ्रँक हर्बर्ट 'ड्यून' या कादंबरीमालिकेचा सहावा भाग १९८५ मध्ये देऊन पुढच्याच वर्षी गेले. सातवा त्यांच्या डोक्यात होता. वीस वर्षांनी त्यांच्या मुलाने सहलेखकाच्या साथीने, वडिलांच्या टिपणांवरून दोन कादंबऱ्या लिहून शेवट केला. पुष्कळ वाचकांना तो पटला नाही, मलाही नाही. पण त्या अपुरेपणावर मी रागावू शकत नाही. लिहिणारा हात थांबला, त्याला काय करणार? मला राग येतो तो लिहिणारे हात जिवंत असताना, शेवट ठरलेला असताना, कागदावर उतरलेला असताना थांबवलेल्या गोष्टींचा. आणि हल्ली त्याहून वेगळा प्रकार आलाय: मुद्दाम अर्धी बनवलेली गोष्ट. गेल्या वर्षी आईला घेऊन घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये 'कल्कि २८९८ एडी' बघायला गेले. मला आवडला. महाभारत आणि अवकाशयानं एका पडद्यावर बघताना अंगावर काटा आला. दिवे लागले तेव्हा आई जागची हलेना. म्हणाली, "अगं, पण तिचं बाळंतपण झालंच नाही!" अठ्ठावीस वर्षांत आईने किती बाळंतपणं पाहिली असतील! अवघडलेल्या बाईला तसंच सोडून लोक उठून चालले होते, आणि ते तिला बघवत नव्हतं.

आता समीक्षकांविषयी. दोनेक वर्षांपूर्वी नौपाड्यातच एका सभागृहात साहित्यावर चर्चा होती. मंचावर एक जाणते समीक्षक होते, त्यांचं मी बरंच वाचलंय, कवितेवरचं लेखन तर फार आवडीने. प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, की मराठीत विज्ञानकथेची समीक्षा इतकी कमी का? ते शांतपणे म्हणाले, "विज्ञानकथेत यंत्रं असतात, बाई. माणूस कुठे असतो?" सभागृहात टाळ्या पडल्या. मी खाली बसले. त्या क्षणी मला कापराच्या डबीमागच्या गोळ्या आठवल्या, अठ्ठावीस दिवस आठवले, आणि परक्या चेहऱ्याने आईसमोर बसलेला तो मुलगा आठवला. पण हे चार ओळींत सांगणार कसं? आणि गडकरी रंगायतनसमोरून तलावपाळीला वळसा घालून घरी येताना मला उत्तर सुचलं, जसं नेहमीच उशिरा सुचतं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, कथा कथा म्हणून वाचली जावी, एवढंच त्यांना हवं होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव बघून मान देऊ नका असं म्हणणारे ते होते, आणि आमच्याकडे आजही प्रकाराचं नाव बघून पुस्तक खाली ठेवतात. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा भरभरून लिहिलं गेलं. शास्त्रज्ञ म्हणून, विज्ञानप्रसारक म्हणून. त्यांच्या कथांतल्या माणसांबद्दल मी शोधून शोधून वाचलं, फार थोडं हाती लागलं.

चुकीचं मत द्यायचा हक्क समीक्षकाला आहे, हे मला मान्य आहे. २५ जून १९८२ ला एकाच दिवशी 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' लागले. दोन्ही पडले. 'द थिंग'ला तर समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपलं. आज सिनेमा शिकणाऱ्या मुलांना दोन्ही अभ्यासाला लावतात. पण ते सिनेमे पूर्ण होते. पूर्ण झालेली गोष्ट थांबू शकते, वीस-तीस वर्षांनी का होईना, तिला तिचा वाचक भेटतो. चालू गोष्टीचं तसं नसतं. पहिले तीन भाग बघून 'फार संथ, फार उदास' असा शिक्का बसला की पैसे लावणारा आकडे बघू लागतो, आणि मग शेवटचे तीन भाग कधी लिहिलेच जात नाहीत.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. 'स्टारगेट युनिव्हर्स'ला बुडवलं ते काही फक्त समीक्षकांनी नाही. जुन्या 'स्टारगेट'च्या चाहत्यांनीच तिला नाकारलं. आमच्यासारखी नाही, हसत नाही, अंधारी आहे, भांडकुदळ माणसं आहेत, म्हणून. २००९ च्या दिवाळीत मी स्वतः दोन भाग बघून मैत्रिणीला म्हटलं होतं, 'काही दम नाही, वेळ घालवू नकोस.' तिनेच दीड वर्षाने ती हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवली. ठाण्यातल्या दोन मुलींच्या बोलण्याने अमेरिकेतली मालिका बंद पडत नाही, हे मला कळतं. तरी ते वाक्य मी बोलले होते. ज्या समीक्षकांवर मी चिडते त्यांच्यात आणि माझ्यात त्या दिवशी काय अंतर होतं?

पंचवीस जुलैला श्रावणाचा पहिला शुक्रवार होता. मी घरूनच काम करत होते. आईने जिवतीचा कागद लावला, आघाड्याची माळ घातली, पुरण शिजवलं. भाऊ बंगळुरूला असतो. कहाणी वाचायला बसली तेव्हा सवयीने तिने माझ्या हातात अक्षता दिल्या. कहाणी आपल्या सगळ्यांना पाठच आहे. राजासाठी सुईण ब्राह्मणीचं बाळ पळवते, आईला सांगते की तुला वरवंटा झाला. आई खचते, पण दर शुक्रवारी जिवतीची पूजा करून, जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो, म्हणत तांदूळ उडवते, आणि ते दूर, राजवाड्यात वाढणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पडतात. मी ही कहाणी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी ऐकताना माझी मूठ थरथरली. इतकी वर्षं माझ्या डोक्यात बसलेली ती दुसरी आई इथेच होती, आटपाट नगरात. दगड नव्हते तिच्याकडे, तांदूळ होते.

सुफळ संपूर्ण झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं. जहाज, कपाट, दोन आठवडे, गाडीतली मुलगी, मी बोललेलं खोटं. आई पुरणयंत्र फिरवत ऐकत होती. अवकाशयानांत तिला काही रस नाही. मध्येच हात थांबवून तिने विचारलं, "त्या मुलाच्या आईला कळवलं का कोणी?"

"नाही. तिथेच बंद केलं त्यांनी."

"सिस्टर होती म्हणालीस ना?"

"हो."

आई काही बोलली नाही. संध्याकाळी माझं औक्षण केल्यावर, भावासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात तशा तिने टाकल्या. पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला. मग तबकातले उरलेले चार दाणे घेऊन खिडकीशी गेली आणि गजांतून बाहेर, वर, पावसात टाकले. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

ती मुलगी मला पुन्हा भेटली ती गणपतीच्या आधी. मी रोज त्याच डब्यात चढत होते, चेहरे बघत होते. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्या सकाळी ती समोरच्या बाकावर बसली होती, सोबत मैत्रीण, एक इअरफोन हिच्या कानात, दुसरा तिच्या. मला बघून ती उठून माझ्याशेजारी दांड्याला धरून उभी राहिली.

"ताई, नाहीये पुढे. मी त्याच रात्री बघितलं." मग जरा थांबून, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागावली होती की नाही, कळलं नाही. ऐरोली आली, बायका चढल्या, आम्ही दोघी एकमेकींच्या आणखी जवळ ढकलल्या गेलो. तिच्या मैत्रिणीच्या हातातल्या पडद्यावर पहिलाच भाग चालू होता. अनोळखी जहाजावर माणसं एकामागून एक येऊन आदळत होती, आणि मैत्रीण डोळे विस्फारून बघत होती.

मुलगी माझ्या कानाशी वाकली. "हिला शेवटचं सांगू नका हं," ती हळूच म्हणाली आणि परत जागेवर जाऊन बसली.